आइस्क्रीमच्या डब्यातले मोदक

माझ्या हातचे मोदक आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गेले. बाकीच्यांचे चांदीच्या ताटात, गणपतीपुढे.

परदेशात, हिल्सबरो उपनगरातलं अनघाताईंचं घर. ओट्याभोवती आम्ही चार बायका मोदक वळत होतो. मी हॉस्पिटलात नर्स आहे, रात्रपाळी करून आले होते. देवबिव मी मानत नाही. माझ्या लेकीच्या कानावर चार मराठी शब्द पडावेत म्हणून जायचे. इथे जन्मलेली पोर, माझ्याशीही इंग्रजीतच बोलते.

अनघाताईंच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी हसतहसत विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो गं?"

"आमच्याकडे नसतो. आम्ही बौद्ध."

माझं ताट तेवढं बाजूला सरकलं. माझे मोदक शेवटी, वेगळे वाफवले आणि डब्यात भरले.

"हे शेजारणीला देऊ," अनघाताई म्हणाल्या. "तिला कुठे काय कळतंय!"

शेजारीण माओरी, या देशातल्या मूळ रहिवाशांपैकी. म्हणजे मी बाटवलेलं तिला चालतं. एका डब्यात दोघींची लायकी ठरवून मोकळ्या झाल्या.

बाहेर शिरीषदादांचं, म्हणजे अनघाताईंच्या नवऱ्याचं भाषण रंगात आलं होतं. ऑफिसातल्या गोऱ्याने त्यांना मीटिंगमधून वगळलं होतं. "हा सरळसरळ रेसिझम आहे!" इथे हे गृहस्थ स्थलांतरितांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या पक्षाला मत देतात. तिकडची निवडणूक आली की ग्रुपवर लिहितात, आरक्षणवाल्यांनी देश बुडवला. इथे समता हवी, कारण इथे ते खाली आहेत. तिथे परंपरा हवी, कारण तिथे ते वर आहेत. वर ऐकवतात, ज्याला देशाभिमान नाही त्याला नीतिमत्ता नाही. सगळे माना डोलवतात. मीही वर्षानुवर्षं डोलवली. आता आठवलं तरी स्वतःची शिसारी येते.

तेवढ्यात लेक ओट्याशी आली. "मम, व्हाय आर अवर्स इन द आइस्क्रीम बॉक्स?"

सासूबाई नुसत्या गोड हसल्या; तिच्या गालाला त्यांनी हात लावला नाही. बाकी सगळ्या पोरांच्या लावला होता. शिवी दिली असती तर परवडलं असतं, हे गोड हसणं सहन होईना.

दारावर शेजारीण आली. "किया ओरा!" हा तिच्या भाषेतला नमस्कार. हातात फुलं. अनघाताईंनी डबा पुढे केला. तो मी मध्येच घेतला आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला सांगितलं, हे मोदक मी केलेत. माझी जात यांच्या लेखी खालची आहे. म्हणून हे देवाला चालत नाहीत, तुम्हाला चालतात.

ती डब्याकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, मग तू यांच्या घरी येतेसच का?

मी लेकीकडे पाहिलं.

शिरीषदादा मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "घरातलं परक्यांना सांगितलंत? देशाची लाज काढलीत तुम्ही. तुम्हा लोकांना देशाचं काही नाहीच."

"कुठल्या देशाचं?" मी विचारलं. "जिथे माझ्या हातचं बाटतं, त्या?"

आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या.

डबा घेऊन लेकीसह निघाले. गाडीत तिला सगळं मराठीत सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. ती रडली. रडू दिलं.

तो देश माझाही आहे. त्याच्या संविधानाने मला शाळेत बसवलं, नर्स केलं. पण यांची घाण झाकणं म्हणजे देशप्रेम असेल, तर ते मला नको. हॉस्पिटलात वंशभेदावर प्रशिक्षण असतं. पुढच्या वेळी मी उठून जातीचं बोलणार. समोर आपले मराठी डॉक्टर बसलेले असतील. बसू देत. कुणी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं, तरी सांगेन.