आक्काला ऐकू आलेला ऑपेरा

चमत्कार वगैरे गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवर मी फक्त जुन्या ऑपेरांची चांगली रेकॉर्डिंग्ज सुचवत आलोय. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय...

माझी थोरली बहीण, आक्का, इस्लामपूरजवळ मळ्यात राहते. काही वर्षांपूर्वी मोठ्या तापातून उठली, पण दोन्ही कान गेले. मशीननंही काही फरक पडला नाही. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं.

गेल्या दिवाळीत मी साताऱ्याहून तिच्याकडे गेलो होतो. दुपारी ती बाहेरच्या सोप्यात पाठमोरी बसून शेंगा फोडत होती. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर अगदी सुरुवातीच्या काळातल्या एका ऑपेराची दोन रेकॉर्डिंग्ज लावून बघत होतो — तुम्हाला कुठलं सुचवावं ते ठरत नव्हतं. एक स्टुडिओतलं, चकचकीत. दुसरं प्रेक्षकांसमोरचं, मोजकी वाद्यं, मध्येच कुणाचं तरी खोकणं. त्यात एक बाई येऊन नायकाला सांगते, तुझी बायको साप चावून गेली...

"आरं, कोण गेलं रं?"

आक्का दारात उभी होती!

"ती बाई सांगतीया न्हवं... कोण गेलं?"

गाणं इटालियनमध्ये, त्यात आक्का ठार बहिरी. मी स्टुडिओतलं लावलं, आवाज पूर्ण वाढवून. "बंद का केलंस?" म्हणाली. दाजींनी मागून जोरात हाक मारली — तिला पत्ताच नाही. परत ते प्रेक्षकांसमोरचं लावलं, तशी ती डोळे मिटून खाली बसली. गाल ओले झाले होते.

सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत काहीच बदल नाही. "यांना ऐकू येणं शक्य नाही," एवढंच ते म्हणाले.

मग मी एकेक रेकॉर्डिंग लावून बघत गेलो. अठराव्या शतकातल्या एका ऑपेराचं तिला ऐकू आलं, बाकीची नाहीत. पण आक्का बोलायला लागली. कुठली बाई छान गाते, कुठली उगाच ओरडते, सगळं सांगायची.

परवा सहज तिच्यामागं उभा राहून मी ती बायको गेल्याच्या बातमीची ओळ गाऊन म्हटली. अगदी बेसूर. आक्का गर्रकन वळली.

"आवाज लय घोगरा झालाय रं तुझा!" आणि मग हळूच, "म्हण की अजून..."

का, कसं — मला सांगता येत नाही. साधं बोललेलं तिला आजही ऐकू येत नाही. म्हणून "आक्का, चहा टाक" हेसुद्धा मी आता गाऊनच सांगतो. दाजी लाजतात, पण तेही शिकतायत.