मागच्या बाजूने पाहिलेलं वऱ्हाड

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात मी आणि माझे मामा तीन दिवसांच्या प्रवासाला निघालो, ते एका दाराच्या भांडणामुळे. अमरावतीत आमच्या वस्तीने बुद्धविहार बांधायचं ठरवलं होतं. जागा होती, दगड येऊन पडला होता, मामा गवंडी होते आणि मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. अडलं होतं ते दारापाशी. टोकदार कमान केली तर मशीद दिसते, असं काहींचं म्हणणं. वर कळस ठेवला तर देऊळ. अर्धगोल कमान कचेरीसारखी, आणि सरळ चौकट कापसाच्या गोदामासारखी. कमिटीचे अध्यक्ष आमचे शाळेतले गुरुजी. त्यांनी तीन बैठकांनंतर ठराव लिहिला की दार 'आपलं' दिसलं पाहिजे. आपलं म्हणजे कसं, हे ठरावात नव्हतं. दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली होती. काय सोडलं ते सगळ्यांना पाठ होतं, पण आपलं दार कसं असतं ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

मामा म्हणाले, "पाहून येतो. मंग सांगतो." त्यांना ओळंब्याची एक दोरी दोन दिसायला लागली होती. विहार ही आपली शेवटची इमारत, हे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

सुरुवात घरच्याच परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या, वेशीपासून केली. तुम्ही अशा प्रवासाला जाणार असाल तर हेच करा, गाडीभाडं लागत नाही. मी समोर उभा राहून टेप काढला तोवर मामा दिसेनासे झाले. ते वेशीच्या आतल्या अंगाला, भिंतीला तळहात लावून उभे होते.

"मामा, समोरून पाहा ना."

"समोरून तं कोनीबी पाह्यते. भिंत समोरून नटून राह्यते, भासेबुवा. मांगून खरं सांगते."

हे मला पटलं आणि मी वहीत लिहूनही घेतलं.

परतवाड्याची एस.टी. सकाळी निघते. उजवीकडची खिडकी धरू नका, सगळी धूळ त्याच बाजूने येते. नव्या पैशांत तिकीट आणि जुन्या आण्यांत चहा, असा तो काळ होता, त्यामुळे प्रत्येक स्टँडवर एक तरी वाद ऐकायला मिळायचा. परतवाड्याहून टांग्याने अचलपूर गाठलं. गावाबाहेर कोरड्या तळ्यात हौज कटोरा उभा आहे. काळ्या दगडाची अष्टकोनी इमारत, आठी बाजूंना सारख्या टोकदार कमानी. चारेकशे वर्षांहून जुनी असेल. चुन्याच्या गिलाव्यावर कुठे कुठे नक्षी उरली होती. मी मोजमापं घेत बसलो. मामा इमारतीला फेरी घालू लागले. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या.

"भासेबुवा, याचं मांगचं आंग कुठी हाय?"

"आठ कोनाची हाय मामा. मांगचं आंग नाईच याले."

"असं कसं?" म्हणून ते चौथ्या फेरीला निघाले. तिथे म्हशी चारणाऱ्या बाईने त्यांना विचारलं, "काही हरपलं का जी?"

"मांगची बाजू."

"थे इथं नाई भेटत," बाई म्हणाली आणि म्हशींमागे गेली. मामा शेवटी इमारतीच्या पायरीवर बसले. आम्ही सोबतची भाकर आणि वांग्याची भाजी तिथेच खाल्ली.

संध्याकाळी अंजनगावमार्गे अकोटला पोचलो. मुक्काम मामांच्या साडूंकडे. रस्ता खराब, पण कढी-गोळे इतके उत्तम होते की रस्त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळी मामा म्हणाले, "एक देऊळ पाह्याचं हाय," आणि मला थेट त्याच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेले. मी सवयीने वही काढली. मामांनी एका दगडावर बोट ठेवलं. "इथं उभा होतो मी."

तेव्हा कळलं. पस्तीस वर्षांपूर्वी हे देऊळ बांधणाऱ्यांत मामा होते. गाभाऱ्यापुढची कमान त्यांच्या हातची, आयुष्यातली पहिली. कळस चढेपर्यंत गवंड्याला आतबाहेर कुठेही मुभा होती. मूर्ती बसली आणि आमच्या लोकांना आत जाणं बंद झालं. सगळं गाव समोरून दर्शनाला गेलं तेव्हा मामा मागे उभे होते. म्हणाले, "म्हटलं, माही कमान हाय तं मांगून तरी पाहू. दिसली नाई. पन मंग सवयच लागली." वहीतलं कालचं वाक्य मी खोडलं नाही, पण त्यानंतर ते मला वाचवेना.

आता आत जायला कायद्याने कुणी अडवू शकत नव्हतं. पण आता मामांनीच देव सोडले होते. दीक्षेच्या दिवशी घरातले देव त्यांनी न थांबता बाहेर काढले होते. इथे मात्र ते भिंतीशी घुटमळत होते. विडी पेटवली, विझवली.

"मामा, पाया पडाले नाई जायचं. कमान पाह्याले जायचं."

त्यांनी पायरीशी चपला काढल्या. "देवासाठी नाई," मला बजावून म्हणाले. "फरशीबी मीच बसवली हाय."

कमानीला कुणीतरी गुलाबी तैलरंग फासला होता. डोळ्यांना सांधे दिसेनात, म्हणून मामा बोटांनी चाचपत गेले, एका बाजूने चढत हात पुरेल तिथवर, मग दुसऱ्या बाजूने. मूर्तीकडे त्यांची पूर्ण पाठ होती. पुजारी जवळ आला.

"बावा, देव इकडं हाय. तुमी उलटे उभे आहा."

"देव तुमचा," मामा म्हणाले. "कमान माही."

पुजाऱ्याने वर पाहिलं. रोज तिच्याखालून जाणाऱ्या त्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग तो आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. मामांनी ते सावकाश, सगळं प्यायलं. मला रडू येत होतं, म्हणून मी टेप लावून कमान मोजायला घेतली. ती मापं चुकली होती, नंतर अदमासाने दुरुस्त करावी लागली.

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून बाळापूर. तिथली नदीकाठची छत्री, म्हणजे एका राजपूत सरदाराने उभारलेला दगडी मंडप, पाहायची होती. स्टँडवर मी "छत्री कुठी भेटन?" असं विचारलं आणि आम्हाला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं गेलं. तोही म्हणाला, "हिवाळ्यात छत्री काहून पाह्यजे?" तुम्ही जाल तेव्हा 'नदीवरची' म्हणा. उंच ओटा, नाजूक खांब, चहूबाजूंनी मोकळी. मी मागे जायला वळलो, तर मामा समोरच्या पायऱ्या चढून कधीच वर पोचले होते. रात्रीच्या आत घरी यायचं तर अकोल्याहून दुपारची गाडी पकडा आणि बडनेऱ्याला उतरा.

घरी आल्यावर मामांनी सांगितलं तसा मी नकाशा काढला. चौकोनी विहार, चारी भिंती सारख्या, चार दारं, प्रत्येक दारावर कमान. कमिटी बसली. गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं. "मामा, चार दारं काहून? मांगून कोन येनार हाय?"

"ज्याले मांगून यायची सवय लावली हाय, थो."

चार दारं मंजूर झाली. फक्त शेवटी एक जण चाचरत म्हणाला, की ही कमान अकोटच्या देवळातल्यासारखी दिसते.

"थे देऊळ इच्यासारखं दिसते," मामा म्हणाले. गुरुजींनी ठरावाखाली सही केली.

विहार उभा आहे. कमानींवर आता फलक टांगलेले असतात आणि मामांना जाऊन खूप वर्षं झाली. गैरसोय एकच आहे. चारी दारांशी चपला सुटतात, आणि कार्यक्रम संपला की आपण कुठून आत आलो ते कुणालाच आठवत नाही. मीही दर वेळी एक पूर्ण फेरी घालतो. बाहेरगावचे पाहुणे फोटो काढायला थांबतात आणि मला विचारतात, आजोबा, याची समोरची बाजू कुठली.

मी सांगतो, तुम्ही उभे आहात ती.