मास्तरांचे पुढचे दोन दात

“लग्नाची सराई होऊ द्या की!” दातांचं नाव काढलं की मास्तर एवढंच म्हणायचे आणि क्लॅरनेट तोंडाला लावायचे. संपलं बोलणं!

सोलापुरात लग्नांचे फोटो काढण्यात माझा जन्म गेला. बँडवाले पुष्कळ पाहिले, पण नवरीच्या पाठवणीला वाजवून आचाऱ्यालाही रडवणारे हे एकटेच. मूळचे केम गावचे, आणि भारी चेष्टेखोर. वरातीत घोडा बिथरला तर म्हणायचे, “त्येला कळलंय, नवरदेवाचं फुडं काय हुणार ते.”

तोंडाचा वास मात्र असा, की जवळ उभं राहवत नसे. हिरड्यांतून पू यायचा. ब्रश केला की रक्त येतं म्हणून ब्रशच बंद केलेला, आणि त्यावर उपाय काय, तर मिश्री! भाजलेल्या तंबाखूची पूड बोटानं घासत बसायचे. “हिरडी घट्ट हुती,” म्हणे. घट्ट कसली डोंबलाची, बधिर व्हायची! आमच्याकडं निम्म्या लोकांचा हाच समज आहे, कुणाकुणाशी भांडणार?

त्यात मास्तरांना साखर. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला मदतीला घेऊन त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं ओढत नेलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, “हिरड्या अशाच राहिल्या तर साखर आटोक्यात येणं अवघड, आणि साखर चढली की हिरड्या आणखी बिघडतात. हृदयालाही हे बरं नाही. पुढचे दोन दात आता वाचत नाहीत. ते काढू, बाकीचं साफ करू.”

मास्तर पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. क्लॅरनेट त्याच दोन दातांना टेकवून फुंकावं लागतं.

“ते काडलं तर वाजवू कशानं? आन् न वाजवणाऱ्या मास्तरला कोण इचारतंय? सराई होऊ द्या की.”

सराई आलीच नाही. कोरोना आला. लग्नं बंद, बँड बंद, बाईंचा दवाखानाही बंद. मग मास्तरांनाच तो झाला. साखर भडकली, ऑक्सिजन लावावा लागला. वाचले, पण हृदय दुबळं होऊन घरी आले. हे हिरड्यांमुळंच, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. “ओझ्यावर ओझं झालं, त्यात हेही एक,” एवढंच म्हणाल्या.

आता मास्तर स्वतःच म्हणू लागले, “काडा.” पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. बाई म्हणाल्या, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, आधी साखर उतरू द्या. साखर उतरेना, तोंडातला पू थांबेना. स्कूटरवर मागं बसवून मी त्यांना हिंडवत होतो. इतका संताप यायचा, पण काढणार कुणावर?

“तवा मी न्हाय म्हणत हुतो, आता ते न्हाय म्हणत्यात,” मास्तर धापा टाकत हसायचे. “गंमतच हाय की!”

कसली गंमत, अहो! मला रडू यायचं.

लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा हट्टानं एका मांडवात उभे राहिले. दोन सूर निघाले आणि मटकन खाली बसले. दात होते, दम नव्हता. मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांना पाणी पाजलं.

पुढं एका सकाळी ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा वहिनी त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवत होत्या. ओठ विलग केले, तर काळे पडलेले ते दोन्ही दात जागेवरच. वहिनींचा हात तिथंच थांबला.

“ह्यांनी दातास्नी जपलं बघा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मला न्हाय.”