न वाकणाऱ्या पायासाठी

लढाईतून माझे यजमान परत आले, पण डावा गुडघा कायमचा ताठ झाला होता. फलटणजवळच्या आमच्या गावी त्यांची फटफटी सोप्यात झाकून ठेवलेली. आल्या आल्या त्यांनी तिच्यावर बसून पाहिलं. फुटरेस्टवर पाय ठेवायचा तर गुडघा वाकायला हवा. तो वाकेना. ते उतरले आणि तेव्हापासून बोलायचेच थांबले.

एके दुपारी मी मळ्यात भाकरी घेऊन गेले, तर ते विहिरीच्या कठड्यावर आत तोंड करून बसलेले. काखेत हात घालून मी त्यांना मागे ओढलं.  त्या दिवसापासून त्यांना एकटं सोडायची मला धास्ती वाटू लागली.

फुटरेस्ट पुढे घेता येईल का, म्हणून फलटणच्या मिस्त्र्याला विचारलं. तो म्हणाला, "वैनी, मागचा ब्रेक डाव्याच पायात. उद्या काय झालं तर माझ्या गळ्यात यायचं."

शेवटी माझ्या थोरल्या भावाची आठवण झाली. तो सांगलीजवळ माधवनगरला गिरणीत फिटर होता. ट्रकमध्ये फटफटी घातली आणि यजमानांना नुसतं म्हटलं, "चला, मला माहेरी जायचंय."

दादानं त्यांना गाडीवर बसवलं, पाय लांब करायला लावला आणि पुढच्या लोखंडी गार्डवर टाच आली तिथं खडूनं खूण केली. तिथं पट्टीनं आवळून रबरी फुटरेस्ट बसवला. ब्रेकचा दांडाही पुढे वाढवला.

गिरणीमागच्या मैदानात ते निघाले. जरा पुढे गेले आणि पट्टी गार्डच्या पाइपावर फिरली. पाय घसरला. गाडीसकट आडवे झाले. धुळीत पडूनच ओरडले, "मरू द्या की मला! का छळताय?"

चार माणसं बघत होती. मला कशाचीच लाज उरली नव्हती. तिथंच धुळीत बसले. म्हटलं, "मग मलाबी घिऊन मरा."

दादा खाली वाकला. "पाव्हणं, पट्टी फिरली. तुमचा पाय न्हाई चुकला."

त्यानं पाइपाला भोक पाडून आरपार बोल्ट घातला. पण यजमान गाडीकडे फिरकेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आता सगळं संपलं असंच मला वाटलं.

मग एका सकाळी बाहेर किक मारल्याचा आवाज आला. मी अनवाणी धावले. पाय पुढे टाकून ते गाडीवर बसलेले, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

"बसतीस का?" त्यांनी विचारलं.

मी मागे बसले. भीतीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. सांगलीच्या रस्त्यानं नदीपर्यंत गेलो. प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते, पण थांबा म्हणायचं धाडस मला झालं नाही.

गावी परतताना गाडी ट्रकनंच आणली. एवढा लांबचा प्रवास त्या पायाला सोसणारा नव्हता. घाट तर त्यांना पुढेही कधी जमला नाही. मळ्यात आणि फलटणच्या बाजारात तेवढे जायचे. घरी आले की पाय सुजलेला असायचा. मी गरम पाण्यानं शेकायची, आणि ते दात आवळून म्हणायचे, "उद्या बाजारातनं काय आणू?"