गावाची मागची बाजू

सुदाम पेंटरच्या चित्रशाळेत उभ्याने चित्र पाहायला मनाई होती. वाशीमकडच्या मालेगावच्या बस स्टँडसमोर, आमच्या पोस्टाला लागून त्याची टिनाची खोली होती. आत सगळी चित्रं गुडघ्याच्या उंचीला टांगलेली आणि खाली सतरंजी. कोणी कमरेत वाकून पाहू लागला की सुदाम कोपऱ्यातून ओरडायचा, "बसा ना बाप्पा! मी बसून काढलं, तुमी उभ्यानं काहून पाहून राह्यले?" मी अकोल्याहून बदलून आलेला पोस्टातला कारकून. पहिल्याच दिवशी पॅन्टची इस्त्री सांभाळत उभा राहिलो आणि ओरडा खाऊन खाली बसलो. बसल्यावर चित्र वेगळं दिसतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं.

सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. वाशीमचा तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आणि चित्र ही बसून पाहायची चीज आहे हे मालेगावात कुणाच्या गळी उतरलं नव्हतं. लोक यायचे ते फोटो स्टुडिओ समजून पासपोर्ट फोटो काढायला, नाही तर एसटी येईपर्यंत सावलीला. सुदाम कुणालाच हाकलत नसे. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, जीपच्या मागे नावं लिहायचा, सरकारी भिंतींवर कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण काढायचा. ते सगळं ऑइल पेंटचं काम. पण घरी आल्यावर रॉकेलने हात धुऊन तो पाण्याच्या रंगांची पेटी उघडायचा, तेव्हा माणूसच बदललेला असायचा. त्या पेटीत पांढरा रंग नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, "पोस्टबाबू, पांढरा कागदातच असते. त्याले फकस्त वाचवा लागते. लोकं आधी सारं रंगवतात अन् मंग पांढरा शोधत फिरतात."

असा माणूस गर्विष्ठ वाटायचा. होताही थोडा. चहा सांगितला तर कप धुऊन आणला की नाही ते उजेडात धरून पाहायचा, आणि आमच्या पोस्टमास्तरांच्या अक्षराला "कोंबडीनं केलं वाटते" म्हणायचा. तरी मला तो आवडत असे. दुपारी खिडकी बंद झाली की माझे पाय आपोआप शेजारी वळत.

शेलूबाजारच्या बाजूला एक लहान गाव होतं, सुदामचं जन्मगाव. नाव लिहीत नाही, कारण ते नाव आता दुसऱ्याच जागेला लागलं आहे. तिथल्या नदीवर धरण होत होतं आणि गाव वरच्या माळावर हलायचं होतं. सरपंच देवराव पाटील एक दिवस चित्रशाळेत आले. त्यांना नव्या पंचायतीच्या भिंतीवर लावायला जुन्या गावाचा "मोठा फोटो" हवा होता, हाताने काढलेला. सुदामला अशी मागणी आयुष्यात पहिल्यांदा आली होती. पाटील गेल्यावर तो बराच वेळ रिकामा कागद पाहत बसला. मग मला म्हणाला, "माह्या हातचं आतालोक कोनी भिंतीवर लावलं नाई. लाल तिरकोन सोडून."

एका रविवारी मीही त्याच्यासोबत गेलो. मला वाटलं, वेशीसमोर पिंपळाखाली बसेल. तिथून मारुतीचं देऊळ, वाड्याचा मोठा दरवाजा, सगळं ऐटीत दिसत होतं. सुदाम गावाला वळसा घालून मागे गेला आणि नाल्याच्या काठी मांडी ठोकून बसला. समोर बौद्धवाड्यातली घरं, त्यांच्यामागे गावातल्या घरांची परसं, चुलीचा धूर, वाळत घातलेली लुगडी. देवळाचा कळस पार वर, नखाएवढा.

"इथून काहून?" मी विचारलं.

"मी इथं जलमलो. छप्पन साली आमी दीक्षा घेतली, पन घरं कुठं हालली? गाव मले इथूनच दिसे. लहानपनी वेशीसमोर उभं राहून गाव पाहाची आमाले सोय नव्हती." हे त्याने रंग कालवता कालवता, हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं.

चित्र झालं. पाटील दोन पंचांना घेऊन आले. खाली बसायला कुरकुरले, पण बसले. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"पेंटर, हे तं गाव उलटं काढलं तुमी!"

"उलटं कसं? मांगून काढलं."

"वाड्याचा दरवाजा कुठी हाय? वेस कुठी हाय? पाव्हनेरावळे येतीन, त्याहिले काय दाखवाचं? उकिरडे?" पाटील चिडलेले कमी आणि हिरमुसलेले जास्त होते. जाता जाता म्हणाले, "समोरून काढून द्या. गाव उठाच्या आत. नाईतं राहू द्या."

मी सुदामची समजूत घातली. म्हटलं, हट्ट सोड, एक समोरून काढ, गाव पुन्हा मिळायचं नाही. त्याने ऐकलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो वेशीसमोर जाऊन बसला, सकाळमागून सकाळ. पाट्या रंगवायची कामं अडली, दुकानदार माझ्याकडे येऊन तक्रार करू लागले. शेवटी एक दिवस तो रंगवलेला कागद घेऊन आला. देऊळ, दरवाजा, पिंपळ, सगळं जिथल्या तिथे होतं. "पाहा," तो म्हणाला, "यात कोनी राहते असं वाटते का? मले हे गाव येत नाई, बाबू." आणि त्याने तो कागद माझ्यादेखत बादलीत बुडवला. त्या दिवशी चहालाही आला नाही.

गाव उठलं. पावसाळ्यात पाणी चढलं. नव्या पंचायतीत पाटलांनी बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं. मागून काढलेलं चित्र चित्रशाळेतच राहिलं, आणि सुदामने ते काचेच्या चौकटीत बसवून दाराआड टांगलं, सहजासहजी दिसू नये असं.

पुढच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी पाटील त्यांच्या आईला घेऊन आले. गावात तिला सगळे मोठी माय म्हणत. तिनेच हट्ट धरला होता. काठी बाजूला ठेवून ती सतरंजीवर बसली, चित्र समोर ओढलं आणि अगदी नाक लावून पाहू लागली. मग काचेवर बोट टेकवलं.

"हे माहं मागचं दार. हा रांजन. हे आमच्या सुनांचं धुनं."

"माय, पन वाड्याचा दरवाजा तं दिसतच नाई," पाटील म्हणाले.

म्हातारी मुलाकडे वळली. "त्या दरवाज्यानं मी एकदाच आत आली, नवरी होऊन. दुसऱ्या खेपेले मेल्यावरच निंघाची होती, तं तेही पान्यात गेलं. सारा जलम माहा या दारात गेला, बाबू. तू कधी इकडून आला का?"

पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिचं बोट खाली सरकलं, नाल्याकडच्या घरांवर आलं. "हे तुह्या मायचं घर ना रे, सुदाम? मी तिले ताक देत जावो. वरून ओतत होती. हात लागू देल्ला नाई कधी." तिचं बोट तिथेच राहिलं. ती पुन्हा म्हणाली, "वाईट केलं."

"मले माहीत हाय, माय. मी तिच्या मांगंच उभा राहो," सुदाम म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ताक लय पातळ राहे पन."

म्हातारी हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. चित्र त्याच दिवशी जीपमधून गेलं, तिच्या मांडीवर.

सुदाम दशक सरायच्या आत गेला. कावीळ झाली होती, अंगावर काढली. मी तेव्हा बदलून वाशीमला होतो. कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. फार रडू आलं, एवढंच सांगतो. त्याच्या खोलीत सायकलचं दुकान आलं.

काही वर्षांनी कामानिमित्त त्या नव्या गावात गेलो. पंचायतीत कॅलेंडरच्या जागी सुदामचं चित्र होतं. रंग जरा उतरलेले, पण काच बोटांच्या ठशांनी भरलेली, खालच्या अर्ध्या भागात तर चित्र धड दिसेना. पंचायतीचा शिपाई फडकं घेऊन आला. "रोज पुसतो सायेब. आलेला मानूस बोट ठेवल्याबिगर जात नाई. बाया तं लेकराइले उचलून दाखवतात." मग मला त्याच गावचा समजून त्याने विचारलं, "तुमचं कोनतं घर?"

मी चित्राच्या खालच्या चौकटीवर, लाकडावर बोट ठेवलं.

"पेंटर इथं बसला होता," मी म्हणालो.