बावीस चौकटी

नंदूशी माझे अखेरचे बोलणे झाले ते भांडणाचे, आणि भांडणाचा विषय धूळ हा होता. सकाळी मी फडके घेऊन माडीवरच्या त्याच्या खोलीत गेले. तो संगणकासमोर बसला होता. मान न वळवता म्हणाला, “ताई, आत्ता नको. यंत्राला हात लावू नकोस.” मी म्हटले, “यंत्राला नाही, टेबलाला लावते आहे.” “तेच ते. तुझा पदर कुठे अडकतो ते तुला कळत नाही.” “मग बस त्या धुळीत!” असे म्हणून मी खाली उतरले आणि भाजी आणायला बडोद्याच्या खंडेराव मार्केटला निघून गेले. वालपापडी निवडत असताना शेजारच्या हंसाबेनचा फोन आला, “बेन, जल्दी आवो... नंदूभाई पडी गया छे.” मी तरसालीला घरी पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबले, एवढेच ते सांगून गेले होते. माझा धाकटा भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होता. क्रम असा उलटापालटा झालेला मला मुळीच चालत नाही. पण विचारतो कोण?

नंदू काय काम करीत असे, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावे लागले. तेव्हा आता एकदाच नीट सांगते. पडद्यावर हलणारे चित्र मुळात स्थिर असते. एका सेकंदात अशी चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात आणि आपल्याला हालचाल दिसते. त्यातल्या एकेका चित्राला नंदू फ्रेम म्हणे, मी चौकट म्हणत असे. “ताई, चौकट दाराला असते.” “आणि फ्रेम चष्म्याला असते,” मी सांगे. हा वाद वीस वर्षे चालला. संगणकावर काम करणारा हा कलावंत आत एक बाहुली उभी करतो आणि कोणत्या चौकटीत तिचा गुडघा किती वाकेल, हे ठरवतो. बाहुली हलवणे फारसे कठीण नाही; तिला वजन आहे असे वाटायला लावणे कठीण. त्यासाठी नंदू टेबलावर आरसा ठेवी, स्वतः खोलीभर चालून पाही आणि प्रत्येक हालचाल स्टॉपवॉचने मोजी. ते स्टॉपवॉच माझ्या शाळेचे. मी गणित शिकवीत असे, पण क्रीडादिनी शर्यतींच्या वेळा नोंदवण्याचे काम माझ्याकडेच असे. कलाविद्यालयात असताना त्याने ते ‘दोन दिवसांसाठी’ नेले. त्यानंतर दर वर्षी साहित्यतपासणीच्या तक्त्यात मी ‘दुरुस्तीस दिले आहे’ असे लिहीत गेले. नोकरीत मी लिहिलेले असत्य एवढेच. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी शाळेला नवे आणून दिले. जुने त्याच्याकडेच राहिले.

शिक्षण संपल्यावर तो हैदराबादच्या एका कंपनीत लागला. परदेशातल्या अवाढव्य चित्रपटांचे तुकडे तिथे तयार होत. कोणाकडे समुद्राची लाट, कोणाकडे कोसळणारा पूल. नंदूकडे एक अस्वल आले. नदीतून बाहेर येऊन ते अंग झाडते, एवढेच. चित्रपट बडोद्याला लागला तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना घेऊन गेले. अस्वल आले, अंग झाडले, गेले. फोनवर मी विचारले, “चार महिने राबून तीन सेकंद?” तो म्हणाला, “अडीच, ताई.” शेवटी नावांची यादी आली ती इतक्या भरभर वर सरकली, की मी ‘न’ शोधत बसले आणि झाडणारी बाई येऊन म्हणाली, “बेन, ऊठो ने, पिक्चर पूरुं थई गयुं.”

या धंद्याची रीत मला कधीच पटली नाही. परदेशातली मोठी चित्रपटकंपनी दोन-तीन वर्षांची सगळी उमेद एका चित्रपटावर लावते. तो चालला की दुसरा भाग, तिसरा भाग. पडला की समुद्रापलीकडे चार माणसे खेद व्यक्त करतात आणि इकडे शेकडो खुर्च्या रिकाम्या होतात. अस्वलाचा चित्रपट धो धो चालला. पुढचे दोन पडले. लोक चित्रपटगृहात जाण्याऐवजी घरी मोबाइल घेऊन बसू लागले. मग त्या मोठ्या कंपनीला तिच्याहून मोठ्या कंपनीने गिळले आणि नव्या मालकांना हैदराबादची गरज उरली नाही. मी नंदूला शंभरदा म्हटले होते, “बी.एड. कर, चित्रकला शिकव.” तो हसून म्हणे, “चालशे, ताई.” या शहराने आम्हाला दिलेल्या सगळ्या शब्दांत या ‘चालशे’चा मला सर्वांत जास्त राग आहे.

करोनाच्या टाळेबंदीत कंपनीने त्याचे यंत्र घरी पाठवले होते, म्हणून तो माझ्या माडीवर राहायला आला होता. बडोद्यात बसून तो हैदराबादचे काम करी. ज्या संगणकप्रणालीवर तो काम करी, ती त्या कंपनीची स्वतःची. बाजारात न मिळणारी. ती सुरू करायला कंपनीच्या मुख्य यंत्राची परवानगी लागे. एके दिवशी कंपनी बंद झाल्याचा निरोप आला आणि ते मुख्य यंत्रही बंद पडले. नंदूच्या पडद्यावर मात्र प्रणाली उघडीच होती. बंद न करता ठेवली तर चालत राहणार होती. एकदा बंद झाली की पुन्हा उघडणार नव्हती. तेव्हापासून चार वर्षे ते यंत्र इन्व्हर्टरच्या आधाराने अखंड घोंघावत राहिले. भिंतीवर त्याने चिठ्ठी लावली : बंद करू नये.

पोटापाण्यासाठी तो मकरपुऱ्याच्या कारखान्यांसाठी सुरक्षिततेच्या चित्रफिती करी. एकदा त्यातल्या कामगाराला त्याने हेल्मेट घालताना इतके देखणे वळायला लावले, की व्यवस्थापक म्हणाले, “नंदूभाई, आ हेल्मेट पहेरे छे के परणवा जाय छे?” लग्नाला निघालेला तो कामगार पुन्हा साधा करावा लागला. उरलेल्या वेळात तो स्वतःची फिल्म करी. चार मिनिटांची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रपटांचे तुकडे केल्यावर पहिली स्वतःची. काय आहे तिच्यात, ते सांगत नसे. त्याचा हैदराबादचा सहकारी केतन इथल्याच जवळच्या पादरा गावचा. तो दर भेटीत विनवी, “नंदूभाई, सामान्य प्रणालीत उघडेल अशी एक कॉपी काढून ठेवा ने!” नंदूचे उत्तर ठरलेले, “कॉपी करताना चाल बिघडते. पूर्ण झाल्यावर काढू.” वर्गात मी हेच सांगत आले, की उत्तरपत्रिका पूर्ण होण्याची वाट न पाहता नाव आधी लिहावे. घरात कोणी ऐकले नाही.

आणि आता माझी चूक. नंदूला घेऊन सगळे बाहेर पडत होते. मी वर गेले, दिवा बंद केला, पंखा बंद केला, खाली वाकून इन्व्हर्टरचे आणि भिंतीवरचे मुख्य बटण बंद केले आणि दार ओढून घेतले. चौतीस वर्षे वर्ग रिकामा झाला की मी हेच केले आहे. चिठ्ठी डोळ्यांसमोर होती. रोज वाचत होते ती... घोंघावणे थांबले, आणि मला बरे वाटले, हेही लिहिले पाहिजे.

तेराव्यानंतर केतन आला. दोन दिवस त्या यंत्रापुढे बसला. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाला, “ताई, फाइल तो छे, पण ऊघडती नथी.” त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि थोडे हलके वाटले असते. नंदूला मात्र मी रोज सुनावते. एक कॉपी! एक कॉपी काढायला काय झाले होते?

गेल्या रविवारी टेबल आवरताना आरशामागे गणिताच्या चौकोनी रकान्यांच्या तीन वह्या सापडल्या. माझ्याच कपाटातल्या. प्रत्येक हालचालीला किती वेळ, याची नोंद त्याने आधी कागदावर केली होती. पहिल्या पानावर शीर्षक होते : ताई जिना चढते. खाली रकाने. पायरी पहिली ते सातवी, प्रत्येकी चौदा चौकटी. आठवी, एकोणीस, डावा गुडघा. फडके या हातातून त्या हातात. कठडा. त्याने ‘चौकटी’ लिहिले होते, फ्रेम नव्हे. मी गुडघ्याबद्दल घरात कोणाला काही बोलले नव्हते. सोळाव्या पायरीनंतर पुढची ओळ : दारात थांबते, बावीस चौकटी. पदर सारखा करते. मग ओरडते.

हे चूक आहे. मी थांबत नाही. तक्रार घेऊन जिना चढणारे माणूस दारात थांबत नसते, सरळ आत जाते. पण शेजारी बारीक अक्षरात तीन वेगवेगळ्या दिवसांची मोजमापे होती : एकवीस, तेवीस, बावीस. सरासरी बरोबर काढली होती. माझ्याच वर्गात शिकला होता तो. बावीस चौकटी म्हणजे सेकंदाहून थोडे कमी. इतका वेळ मी रोज त्याच्या दाराबाहेर उभी राहून काय करीत होते, ते मला ठाऊक नाही. त्याला ते आरशात दिसले होते, आणि तेव्हा तो मान वळवत नसे.

नोंद पडताळून पाहावी, म्हणून मी वहीशेजारचे स्टॉपवॉच घेतले आणि खाली गेले. ते अजून चालते. पहिल्या पायरीपासून चढत आले. आठवीवर गुडघा बोलला. सोळावी आली, दार आले. दाराशी पोहोचताच कळ दाबायची आणि आत पाऊल टाकताना पुन्हा दाबायची, असे मी ठरवले होते. आत गेल्यावर हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिले, तर काटा शून्यावरच होता; दारात कळ दाबायची राहूनच गेली होती.