रत्न्याचं नाक

रत्न्या गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे बोलले. रत्न्याच्या कंपनीतले बोलले, त्याच्या रूमवरचा सुजित बोलला, माझा भाऊ म्हंजे रत्न्याचा बाप नुसता हात जोडून उभा राहिला. मला म्हनले कस्तुराबाई तुमी बोला, तुमच्याकडंच असायचा ना त्यो. मी उठलेच न्हाई. म्हनून आता मोबाईलवर लिहिती हाय. चौथी शिकलेली बाई हाय मी, चुकलं तर समजून घ्या.

बुद्धरत्न माझा भाचा. घरात आमी रत्न्या म्हनायचो. मार्चमधे हायवेवर अपघातात गेला. त्याचं मी काय लिहिनार न्हाई, ते सगळ्यांना म्हाईत हाय. मी त्याच्या नाकाचं लिहिनार हाय.

ल्हानपनी कळंबला व्हता तवापास्नं त्याला हुंगायची खोड. पुस्तक आनलं की आधी हुंगनार, मंग उघडनार. मी दिवाळीला गेले की माझा पदर हुंगायचा आन म्हनायचा, आत्या आली, पिठाचा वास आला. मी चिंचवडला मेसमधे भाकऱ्या करते ना, त्याचा वास. तसलंच पोरगं शिकून चाकनला मसाल्याच्या कंपनीत लागलं, आन काम काय तर वास घ्यायचा! मी लई हसले. पोत्यातनं मूठभर धने काढायचे, तळहातावर चोळायचे, नाकाला लावायचे, आन सांगायचं हा माल घ्या, हा परत पाठवा. टेबल व्हतं त्याचं. पांढरा कोट व्हता.

मोशीला फ्लॅटवर ऱ्हायचा. खानं म्हनाल तर शहरातल्या पोरांचं असतं तसंच. सकाळी बसला पळता पळता वडापाव, दुपारी क्यांटीन, संध्याकाळी मोबाईलवरनं मागवलेलं काय बाय, प्लास्टिकच्या डब्यातलं. सुजित घास गिळून मोकळा व्हायचा, पन ह्यो डब्याचं झाकन उघडून आधी बसून ऱ्हायचा, वाफ घेत. सुजित म्हनायचा, "जेव की भावा, पूजा करतोस का त्याची?"

मंग त्याला ताप आला. ताप गेला आन जाताना नाक घिऊन गेला. वासच यीना. मला फोनवर म्हनला, "आत्या, पनीर खाल्लं तर ओला खडू खाल्ल्यागत लागतं." मी म्हनलं यील दोन दिसात. न्हाई आलं. डॉक्टर म्हनले यील न्हाई तर न्हाई पन यायचं, रोज वस्तू नाकाला लावत जा आन आठवत जा. कंपनीत त्यानं लपवलं न्हाई, साहेबाला खरं सांगितलं. साहेब मानूस बरा, पन त्यो बी काय करनार? म्हनला तोवर कॉम्प्युटरवर बस, पावसाळा सरंस्तोवर बघू, न्हाई तर त्या टेबलावर दुसरा मानूस घ्यावा लागंल. पगार गेला असता तरी त्यानं दुसरा बघितला असता हो. पन त्याला दुसरं काम करायचंच नव्हतं.

आता गुरवारचं सांगते. चाकनला, भोसरीला कंपन्यांना सुट्टी गुरवारी असते, त्या दिशी लाईट बंद म्हनून. रविवार सगळ्या जगाचा, आमचा गुरवार. तर एका गुरवारी सुजित हापिसात, आन ह्यानं काय केलं, खिडक्या लावल्या, तवा ठिवला, आन एवढा उग्र वास तरी यील म्हनून पाकीटभर सुके बोंबील भाजायला घेतले. त्याला वाटलं खिडकी लावली म्हंजे झालं. स्वतःला वास येत न्हाई, मंग जगाला कुठनं यील! बेल वाजली. दारात शेजारच्या इंदुताई. त्यांचा गुरवारचा उपास, घरात पोथी चालू. पुढचं त्यानं मला नक्कल करून सांगितलेलं हाय.

"काय जाळताय हो?"

"काही नाही काकू, चहा ठेवलाय."

"चहा? गेटवरचा वॉचमन मान वर करून बघतोय तुमच्या चहाकडं!"

"वास येतोय का काकू?"

"येतोय? अंगावर येतोय!"

"कसा येतोय? नीट सांगा ना."

त्या भडकल्या, म्हनल्या थट्टा करतोस का माझी. मंग ह्यानं नाकाचं सांगितलं. त्या म्हनल्या, "अरे देवा. बरं, पण गुरुवार सोडून करत जा रे बाबा."

"सुट्टीच गुरुवारी असते काकू."

"मग निदान खिडकी उघड! नको नको, लावलेलीच राहू दे."

ते बोंबील तसेच पेपरात गुंडाळून गाडीवर माझ्याकडं घिऊन आला. आमच्या गल्लीत कुनाला काय वास न्हाई लागत, ज्याच्या त्याच्या घरी तेच शिजतं. त्या दिसापास्नं गुरवार माझा झाला.

मेसवरनं यीस्तोवर त्यो येऊन बसलेला असायचा. गाडी कोपऱ्यावर, गल्लीत शिरत न्हाई. मी म्हनायची, मीट डोळे. मूठ नाकाला लावायची.

"काय हाय?"

"काहीच नाही. हवा."

"हवा न्हाई लेकरा, तीळ हायत. भाजलेले. संक्रांतीला तुझी आई चुलीम्होरं बसलीया, तू तिच्या पाठीला टेकलायस, आन कढईत तडतड व्हतंय. तसं."

त्यो डोळे मिटूनच हसायचा.

"आला?"

"नाही. पण दिसलं."

असं मी त्याला सगळं सांगायची. जिरं म्हंजे दुपारच्याला बाभळीच्या सावलीत बसल्यागत. कांदा जळला की यष्टी स्टँडवर उतरल्यागत, भूक लागलेली, आन बाप हाटेलात घिऊन चाललाय. गूळ म्हंजे गावातल्या बापूचं उसाचं गुऱ्हाळ, पाय चिकटायचे ते. मला कुठनं सुचायचं काय म्हाईत. शाळेत कधी बोलले न्हाई मी. लाईट नसायची, पंखा बंद, दारातनं ऊन सरकत सरकत गॅसच्या वट्ट्यापर्यंत यायचं, आन आमी दोघं आपलं कळंबला फिरून यायचो. कधी कधी मलाच कळायचं न्हाई मी पत्र्याच्या खोलीत हाय का माळावर.

पावसाळा सरत आला. साहेबानं दुसऱ्या मानसाच्या मुलाखती लावल्या. रत्न्या त्या गुरवारी आला. मूठ नाकाला लावली तर तोंड फिरवलं. म्हनला, "आत्या, आज नको. आज नुसतं झोपू दे." आन फरशीवर आडवा झाला.

मी म्हनलं झोपू दे. येसूर संपलं व्हतं. येसूर म्हंजे आमच्याकडचं भाजलेल्या डाळीचं, मसाल्याचं पीठ, त्याची आमटी ह्याला आवडायची. डाळ भाजून काढली, बाजरी काढली, मंग धने टाकले, गॅस बारीक केला, आन पेपर घिऊन त्याच्या उशाला बसले वारा घालत. सकाळधरनं मेसमधे उभी असते मी. वारा घालता घालता माझाच डोळा लागला.

सपनातच ऐकल्यागत ऐकलं. "आत्या, करपतंय."

मी "हं" म्हनले, तशीच बसले.

"धने करपले आत्या."

मी डोळे उघडले. खोलीत धूर. आन हे पोरगं कुशीवर, डोळे मिटलेले, गाढ झोपलेलं. भिताडाकडं तोंड, गॅसकडं पाठ. ह्याला कुनी सांगितलं धने हायत? मी टाकले तवा ह्यो घोरत व्हता.

मी त्याला गदागदा हलवलं. "काय म्हनलास रं? काय म्हनलास?"

"काय?" उठून बसला. मंग नाक वर केलं, कुत्र्याच्या पिल्लावानी. एकदा इकडं, एकदा तिकडं. मी गॅसकडं धावले तर पदर धरला माझा. "बंद करू नको! आत्या, बंद करू नको!"

धने काळे कोळसा झाले. आमी दोघं कढईवर वाकून उभे, खोकतोय, डोळ्यातनं पानी, कुनाचं धुराचं, कुनाचं काय. शेजारची सोजराबाई वरडली, "अगं कस्तुरे, घर पेटलं का?"

मी म्हनलं, "पेटू दे!"

मंग त्यो घरातल्या घरात फिरला. डबे उघडले, चादर हुंगली, माझा पदर हुंगला. काय आलं काय न्हाई, सगळं एकदम न्हाई आलं म्हनला, अर्धं अर्धं आलं. पन आलं. पुढं साहेबानं वाट्या मांडून परीक्षा घेतली आन टेबल परत दिलं, पांढरा कोट घालून काढलेला फोटो मला पाठवला. त्यो फोटो कार्यक्रमात लावला व्हता, तुमी बगितला असंल.

पन मी डोळे मिटले की मला त्यो फोटो दिसत न्हाई. मला त्यो धने करपले त्या दिवशी संध्याकाळी जाताना दिसतो. मी दारात उभी. गाडी कोपऱ्यावर, म्हनून गल्लीतनं चालत चाललाय, आन दर दोन घरामागं थांबतोय. कुनाच्या तरी दारात साबनाचं पानी सांडलं व्हतं, थितं थांबला, मागं वळून मला वरडला, "आला!" भज्याच्या गाड्यापाशी थांबला, हात वर केला, "आला!" पुढं गटार तुंबलेली, येनारी जानारी नाकाला रुमाल लावून चाललेली. ह्यो थितं सगळ्यात जास्त येळ उभा राहिला, छाती भरून घेतली, आन मागं वळून दोनी हात वर केले.